संगणकावरील संगीतनिर्मिती : माऊसवरील अवलंबित्व कमी करण्याचा विचार

प्रास्ताविक

संगीतनिर्मितीसाठी आज सुसज्ज ध्वनिमुद्रणगृहाची अट राहिलेली नाही. एक संगणक, एक मायक्रोफोन, ध्वनीची संगणकाशी देवाणघेवाण करणारा ऑडिओ इंटरफेस आणि एक आज्ञावली एवढ्या सामग्रीवर संपूर्ण गीत तयार होऊ शकते. या सामग्रीत सर्वाधिक वापरले जाणारे, परंतु सर्वांत कमी विचारात घेतले जाणारे साधन म्हणजे माऊस होय. गायक स्वर लावतो किंवा तबलावादक ठेका धरतो तेव्हा निर्णय कानाचा असतो. त्याच संगीताचे संगणकावर संपादन सुरू झाले की डोळा पडद्यावरील बाणाचा पाठलाग करू लागतो आणि कान दुय्यम ठरतो. माऊसचा वापर कोणत्या कामांत कमी करता येतो, तो का करावा आणि कोठे करू नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

माऊस आणि दुसरा हात

माऊसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आपल्या संगणक-प्रणालीचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. त्या वेळी त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता, तर डाव्या हाताखाली पाच कळांचा एक लहान संच होता. हार्मोनियमवर एकाच वेळी अनेक स्वर दाबावेत त्याप्रमाणे या कळा एकत्रितपणे दाबून ३१ निरनिराळे संकेत देता येत. एका हाताने स्थान दाखवायचे आणि दुसऱ्याने आज्ञा द्यायची, अशी ही योजना होती. पुढे माऊस घरोघरी पोहोचला. त्याचा हा जोडीदार मात्र मागे पडला. आज माऊसच्या आधारे काम करणाऱ्या अनेक संगीतकारांचा डावा हात रिकामाच असतो. दोन्ही हातांनी वाद्य वाजविणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट विचित्रच म्हणावी लागेल.

एका हातावर सर्व भार टाकल्याने वेळेचा किती व्यय होतो, याचा अंदाज बांधता येतो. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल यांनी १९८० मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार सरावलेल्या व्यक्तीस एक कळ दाबण्यास सुमारे ०.२ सेकंद, माऊसचा बाण इष्ट स्थळी नेण्यास १.१ सेकंद आणि हात माऊसवरून कळफलकावर नेण्यास ०.४ सेकंद लागतात. ध्वनिमुद्रित गायनाचा एक तुकडा कापावयाचा आहे असे समजू. कात्रीच्या चिन्हाकडे जाणे, कापावयाच्या जागी येणे आणि नंतर पुन्हा मूळ चिन्हाकडे परतणे, यात बाण तीनदा हलतो आणि माऊसची कळ तीनदा दाबली जाते, म्हणजे ३.९ सेकंद. उजव्या हाताने जागा दाखवून डाव्या हाताने कापण्याची कळ दाबल्यास तेच काम १.३ सेकंदांत होते. एका गीताच्या संपादनात असे ५०० छेद घ्यावे लागतात असे मानल्यास पहिल्या पद्धतीने साडेबत्तीस मिनिटे, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे अकरा मिनिटे खर्च होतील. हे आकडे सरासरीचे आहेत. पडद्यावरील घुंड्या जितक्या लहान आणि एकमेकींपासून दूर, तितका नेम धरण्यास अधिक वेळ लागतो, हे पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच सूत्ररूपाने दाखवून दिले होते.

तथापि वाचलेली मिनिटे हा या चर्चेतील गौण लाभ होय. रीपर या आज्ञावलीत ध्वनिमुद्रण ऐकत असताना ‘एस’ ही कळ दाबली की त्या क्षणी जो ध्वनी वाजत आहे तेथे छेद पडतो. श्वास कोठे संपला आणि शब्द कोठे उचलला गेला, हे ऐकणाऱ्याने डोळे मिटून ठरवावे आणि बोटाने कळ दाबावी. सम दाखविताना टाळी पडते तसाच हा प्रकार आहे. हेच काम माऊसने करताना संपादक ध्वनिलहरीच्या चित्रातील खळगा शोधतो. चित्रातील खळगा आणि कानाला जाणवणारा विराम एकच असतील याची हमी नसते. तंबोऱ्याच्या अखंड नादावर गायिलेल्या आलापात तर असा खळगा सहसा सापडतच नाही.

कळांची भाषा

प्रत्येक आज्ञावलीची कळांची योजना वेगळी असते. प्रो टूल्समध्ये कळफलकाची विशिष्ट अवस्था सुरू केल्यास ‘ए’ने तुकड्याचा आरंभ आणि ‘एस’ने त्याचा शेवट छाटला जातो, ‘बी’ने छेद पडतो. या सर्व कळा डाव्या हाताच्या टप्प्यात आहेत, हे सहेतुक आहे. एबल्टन लाइव्हमध्ये कळफलकाची मधली ओळच पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांप्रमाणे वाजविता येते. शेकडो कळा पाठ करण्याचा प्रयत्न मात्र व्यर्थ ठरतो. वाजविणे, थांबविणे, ध्वनिमुद्रित करणे, कापणे, नवा ट्रॅक उघडणे आणि केलेली कृती मागे घेणे, एवढ्यांवरच आरंभीचा बराचसा व्यवहार भागतो. उरलेल्या आज्ञा गरजेनुसार अंगवळणी पडतात.

वाद्य म्हणून संगणक

स्वर भरण्याच्या कामी माऊस सर्वाधिक अपुरा पडतो. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडी या संकेतपद्धतीमुळे स्वरपट्ट्यांचा कळफलक, तबल्याप्रमाणे बोटांनी वाजविता येणारे पॅड आणि घुंड्या संगणकाशी जोडता येतात. या पद्धतीत प्रत्येक स्वराच्या आघाताचे १ ते १२७ असे मूल्य नोंदविले जाते. बोटाने वाजविलेल्या ठेक्यात हे मूल्य प्रत्येक बोलागणिक आपोआप बदलते. माऊसने मांडलेल्या ठेक्यात मात्र सर्व आघात सारखेच राहतात आणि नंतर एकेक मूल्य हाताने बदलत बसावे लागते. मींडेची गोष्ट अधिक नाजूक आहे. स्वर वाकविण्याच्या चाकासाठी मिडीमध्ये १६,३८४ टप्पे आहेत. परंतु त्याचा पल्ला सामान्यतः वर-खाली दोन अर्धस्वरांपुरताच ठेवलेला असतो. षड्जापासून शुद्ध गंधारापर्यंतचे अंतर चार अर्धस्वरांचे असल्याने तेथवर मींड पोहोचतच नाही. वाद्याच्या योजनेत हा पल्ला बारा अर्धस्वरांचा केल्यास प्रत्येक अर्धस्वराच्या वाट्याला अजूनही सुमारे ६८० टप्पे येतात आणि सप्तकभर मींड घेता येते. माऊसने ओढलेली रेघ गणिताने बिनचूक असेल. पण मधल्या श्रुतीवर किंचित रेंगाळून पुढे जाणे रेघेला सुचत नाही.

मिडी कळफलक विकत घेऊनही अनेक जण पुन्हा माऊसकडे वळतात. त्याचे कारण बहुधा आळस नसून विलंब हे असते. संगणक ध्वनी लहान गठ्ठ्यांत हाताळतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या गतीने १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा सुमारे २३ मिलिसेकंद अडवून ठेवतो. पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा उमटतो आणि लय हातातून निसटते. गठ्ठा २५६ नमुन्यांचा केल्यास हा विलंब ६ मिलिसेकंदांच्या आत येतो. वाजविताना लहान आणि अंतिम मिश्रण करताना मोठा गठ्ठा ठेवणे सोयीचे ठरते.

ध्वनीच्या वर्णपटात शिरलेला मोटारीच्या भोंग्यासारखा नेमका डाग पुसणे किंवा तीव्रतेची गुंतागुंतीची रेषा रेखाटणे, ही कामे माऊसनेच उत्तम होतात.

प्रकृतीच्या कारणासाठीही माऊस टाळण्याचा सल्ला दिला जातो. येथे थोडा विवेक हवा. डेन्मार्कमधील २००३ च्या एका मोठ्या अभ्यासात संगणकाचा वापर हा कार्पल टनेल विकाराचा गंभीर धोका ठरत नसल्याचा निष्कर्ष निघाला होता. मात्र ज्या मनगटाने सायंकाळी सतार वाजवायची आहे, त्याला दिवसभर एकाच स्थितीत जखडून ठेवणे इष्ट नाही, हे कोणताही वादक मान्य करील.

दृष्टिबाधित विद्यार्थी आणि प्रयोगशाळा

डोळस संगीतकारासाठी माऊस कमी करणे ही सोय आहे. दृष्टिबाधित विद्यार्थ्यासाठी ती प्रवेशाची अटच आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही विनामूल्य आज्ञावली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केली. पुढे त्यांना येऊन मिळालेले जेम्स तेह यांनी रीपरसाठी ओसारा हे जोडपत्र तयार केले. हे दोघेही स्वतः दृष्टिहीन आहेत. ओसारामुळे कोणता ट्रॅक निवडला आहे आणि कर्सर कोणत्या मात्रेवर आहे, हे विद्यार्थ्यास ऐकू येते व संपूर्ण संपादन कळफलकावरून करता येते. अडचण उरते ती प्लगइनची. अनेक प्लगइनच्या खिडक्या म्हणजे केवळ रंगविलेल्या घुंड्यांचे चित्र असते. तेथे वाचण्याजोगा मजकूर नसल्याने स्क्रीन रीडर मुका होतो. ओसारा अशा प्लगइनमधील मूल्यांची यादी वेगळ्या चौकटीत मांडून काही प्रमाणात वाट काढते.

संगीत विभागाच्या प्रयोगशाळेसाठी आज्ञावली निवडताना याची तपासणी अर्ध्या तासात होऊ शकते. माऊसची तार काढून ठेवावी आणि स्क्रीन रीडर सुरू करून नवा ट्रॅक उघडणे, दोन आवर्तने ध्वनिमुद्रित करणे, त्यांतील एक छाटणे, तिची पातळी बदलणे आणि काम जतन करणे एवढ्या कृती करून पाहाव्यात. ज्या कृतीपाशी हात अडेल ती खरेदीच्या प्रस्तावात नोंदविलेली असावी.