युद्धातील विजयचिन्हे आणि स्मृतिवस्तू : जतनामागील प्रेरणांचा विचार

प्रस्तावना

युद्ध संपते, तह होतात, सीमा बदलतात. परंतु युद्धातून घरी आणलेल्या वस्तू मात्र पेटीच्या तळाशी किंवा भिंतीवरच्या खुंटीला दोन-तीन पिढ्या टिकून राहतात. शत्रूची तलवार, शिरस्त्राण, निशाण, पदक किंवा नुसते एखादे बटण यांची बाजारातील किंमत अनेकदा नगण्य असते. त्यांचा व्यवहारात उपयोगही नसतो. तरीही त्या टाकून देण्यास माणूस धजत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न इतिहासाचा आहे, तसाच तो मानवशास्त्राचा आणि मानसशास्त्राचाही आहे.

विजयचिन्हासाठी रूढ असलेला ‘ट्रॉफी’ हा शब्द मूळ ग्रीक ‘ट्रोपायॉन’ या शब्दावरून आला आहे. रणांगणात शत्रूने ज्या ठिकाणी पाठ फिरवली त्या ठिकाणी लाकडी खांब उभारून त्यावर शत्रूची शस्त्रे व चिलखत टांगण्याची प्राचीन ग्रीकांची प्रथा होती. हे चिन्ह दगडाचे न करता लाकडाचे का करीत, याचा खुलासा इ. स. पूर्व पहिल्या शतकातील इतिहासकार डायोडोरस याच्या ग्रंथातील एका भाषणात आढळतो. लाकूड लवकर कुजावे आणि त्याबरोबर वैराची आठवणही नाहीशी व्हावी, असा त्यामागील हेतू सांगितला आहे. विजय साजरा करावा, पण तो कायमचा उभा ठेवू नये, असा हा संकेत होता. आधुनिक काळातील माणूस याच्या उलट वागतो. तो वस्तू कुजू देत नाही. तिला तेल लावतो, घडी घालून ठेवतो, काचेआड ठेवतो. या जतनामागील प्रेरणा कोणत्या आणि जतनामुळे वस्तूच्या अर्थात कोणते बदल होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना

विजयचिन्ह आणि स्मृतिवस्तू यांत सामान्यतः भेद केला जातो. विजयचिन्ह शत्रूकडून घेतलेले असते आणि ते इतरांना दाखवण्यासाठी असते. स्मृतिवस्तू आपल्या माणसाची असते आणि ती स्वतःसाठी जपली जाते. हा भेद उपयुक्त असला तरी पुरेसा नाही. अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ (1986) या ग्रंथात इगोर कोपिटॉफ यांनी वस्तूलाही माणसाप्रमाणे चरित्र असते, अशी मांडणी केली. एकच वस्तू एका टप्प्यावर विक्रीचा माल असते, तर दुसऱ्या टप्प्यावर ती अमूल्य ठरते. युद्धातील वस्तूंना ही मांडणी विशेष लागू पडते. वस्तू तीच राहते. परंतु ती कोणाच्या हाती आहे आणि तिच्याविषयी कोणती कथा सांगितली जाते, यावरून ती विजयचिन्ह की स्मृतिवस्तू हे ठरते.

सार्वजनिक विजयचिन्ह

राष्ट्राने मांडलेल्या विजयचिन्हाचे स्वरूप तुलनेने सरळ असते. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबातील खेमकरण विभागात असल उत्तर येथे झालेल्या लढाईत भारतीय सैन्याने पाकिस्तानचे अनेक पॅटन रणगाडे निकामी केले वा ताब्यात घेतले. हे रणगाडे भिखीविंड येथे ओळीने मांडण्यात आले आणि त्या जागेला ‘पॅटन नगर’ हे नाव पडले. पुढे यांतील काही रणगाडे देशातील निरनिराळ्या लष्करी ठाण्यांत आणि शहरांत ठेवण्यात आले. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) येथे 1994 मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयातही पॅटन रणगाडा पाहावयास मिळतो. अशी वस्तू चौथऱ्यावर उभी असते, तिच्यासमोर फलक असतो आणि त्या फलकावरील विधान निःसंदिग्ध असते : येथे विजय झाला. रणगाड्यात बसलेली माणसे कोण होती, याविषयी फलक सहसा बोलत नाही; तसे त्याच्याकडून अपेक्षितही नसते. घराघरांत जपलेल्या वस्तूंची स्थिती मात्र याहून गुंतागुंतीची असते.

एका झेंड्याचे चरित्र

दुसऱ्या महायुद्धातील जपानी सैनिकांचे झेंडे हे याचे बोलके उदाहरण होय. युद्धावर निघणाऱ्या तरुणाला त्याचे आप्त, शेजारी, शाळासोबती किंवा सहकारी एक लहान राष्ट्रध्वज देत. मधल्या लाल सूर्यबिंबाभोवतीच्या पांढऱ्या भागावर प्रत्येकजण शाईने आपले नाव लिही. त्यासोबत बहुधा युद्धात दीर्घकाळ दैव अनुकूल राहो, अशा अर्थाचा आशीर्वाद असे. अशा झेंड्याला ‘योसेगाकी हिनोमारू’ म्हणतात. सैनिक तो घडी करून अंगावर बाळगीत असे. म्हणजे मुळात ही वस्तू विजयचिन्ह नव्हती. एका गावाने आपल्या मुलाच्या अंगावर घातलेले ते पांघरूणच होते.

पॅसिफिकमधील लढायांत अमेरिकी सैनिकांनी असे असंख्य झेंडे मृतांच्या अंगावरून काढून घेतले. पेलेलिऊ आणि ओकिनावा येथे लढलेले यूजीन स्लेज यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत, लढाई थांबताच मृत शत्रूच्या अंगावरील वस्तू शोधण्याची ही सवय कशी नित्याची झाली होती, याचे स्पष्ट वर्णन केले आहे. या वस्तूंचा आघाडीच्या मागे व्यापारही चाले. मागणी इतकी होती की काहींनी बनावट जपानी झेंडे तयार करून विकले. या बनावटीतून एक गोष्ट लक्षात येते. विकत घेणाऱ्याला कापड नको होते. आपण तेथे होतो, हा पुरावा त्याला हवा होता.

या संग्रहवृत्तीची मर्यादा कोठे ओलांडली जाते, हेही त्याच काळात दिसून आले. 1944 मध्ये अमेरिकी संसदेच्या एका सदस्याने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना जपानी सैनिकाच्या हाताच्या हाडापासून केलेली पत्रे उघडण्याची सुरी भेट दिली. रूझवेल्ट यांनी ती परत केली. मृताची वस्तू आणि मृताचा देह यांतील रेषा पुसली गेली की विजयचिन्ह विटंबना ठरते.

जतनामागील प्रेरणा

घरी परतलेल्या सैनिकाने हा झेंडा पन्नास-साठ वर्षे का जपावा? याची उत्तरे एकेरी नाहीत. ती एकमेकांवर साचलेली असतात.

पहिली प्रेरणा पुराव्याची. विशीतला तरुण जे पाहून आला ते त्याच्या गावातील कोणी पाहिलेले नसते. वस्तू हा त्याच्या अनुभवाचा साक्षीदार ठरतो.

दुसरी प्रेरणा जिवंत राहिल्याची. झेंडा हाती आहे याचा अर्थच मुळी असा की दोघांपैकी एक वाचला आणि तो आपण. ज्या कापडाने पहिल्या धन्याचे रक्षण व्हावे अशी प्रार्थना होती, तेच कापड दुसऱ्याच्या दृष्टीने त्याच्या सुदैवाची खूण बनते.

तिसरी प्रेरणा मौनाची. सुझन स्ट्युअर्ट यांनी ‘ऑन लाँगिंग’ (1984) या ग्रंथात स्मृतिवस्तू स्वतः अपूर्ण असते आणि तिला कथेची जोड लागते, असे प्रतिपादन केले आहे. युद्धातून परतलेल्यांच्या बाबतीत अनेकदा कथा सांगितलीच जात नाही. जे घरच्यांना सांगता येत नाही ते वस्तूच्या स्वाधीन केले जाते. पेटी कुलूपबंद राहते, पण ती घराबाहेर जात नाही.

चौथी प्रेरणा ऋणाची आणि अपराधभावाची. तारुण्यात अभिमानाने आणलेली वस्तू उतारवयात जड होऊ लागते. आपल्यालाही मुले झाली, याला मात्र झाली नाहीत, ही जाणीव त्यामागे असते. अशी वस्तू भिंतीवर लावता येत नाही आणि फेकताही येत नाही. या टप्प्यावर ती विजयचिन्ह राहत नाही. ती ठेव बनते.

पाचवी प्रेरणा वारशाची. मुले व नातवंडे वस्तू जपतात ती शत्रूसाठी नव्हे, तर वडिलांसाठी. वडिलांनी ती जपली एवढेच कारण त्यांना पुरेसे असते. कथा मात्र वडिलांबरोबर गेलेली असते.

परत करण्याचा प्रश्न

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात 2009 मध्ये सुरू झालेली ‘ओबॉन सोसायटी’ ही संस्था असे झेंडे मूळ कुटुंबांकडे पोचविण्याचे काम करते. झेंड्यावरील नावेच शोधाचा आधार ठरतात. 2017 मध्ये एका वृद्ध माजी सैनिकाने 1944 साली सायपान बेटावर घेतलेला झेंडा स्वतः जपानला जाऊन मृताच्या धाकट्या भावाच्या हाती दिला. मृतदेह कोठे आणि कोणत्या स्थितीत आढळला होता, हेही त्याने कुटुंबाला सांगितले. कापडाइतकेच मोल या सांगण्याला होते.

याचे कारण जपानच्या अनुभवात आहे. मायभूमीबाहेर मृत्यू पावलेल्या सुमारे 24 लाख जपान्यांपैकी सुमारे 11 लाखांहून अधिक जणांचे अवशेष परत आलेले नाहीत. अनेक कुटुंबांना अस्थींऐवजी दगड वा वाळू ठेवलेली पेटी मिळाली. अशा घरात परतलेला झेंडा हा ध्वज नसतो. तो माणूसच परतलेला असतो. येथे एक अवघड विरोधाभास पुढे येतो. ज्याने मृताच्या अंगावरून झेंडा काढून घेतला, त्याच्यामुळेच तो उरला. घेणे हे अन्यायाचे होते. जपण्यामुळे मात्र भरपाईची शक्यता शिल्लक राहिली.

वसईच्या घंटा : वेगळी परिणती

परत करणे ही एकच परिणती नसते, हे महाराष्ट्रातील उदाहरणावरून दिसते. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. या मोहिमेतून आणलेल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चच्या घंटा आजही मंदिरांच्या परिसरात आहेत. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर 1721, भीमाशंकर येथील घंटेवर 1729, तर वाईजवळील मेणवली येथील घंटेवर 1707 हे साल असल्याचे सांगितले जाते. धातू वितळवून तोफा ओतणे शक्य असताना या घंटा घंटा म्हणूनच राहिल्या, हे महत्त्वाचे होय. देवाला हाक घालण्याचे त्यांचे काम बदलले नाही; देवाचे नाव बदलले.

नाशिकमध्ये तर या घंटेला आणखी एक अर्थ प्राप्त झाला. गोदावरीच्या पुराचे पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोचले की नाही, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. म्हणजे विजयाची खूण गावाच्या रोजच्या जगण्यात इतकी मिसळून गेली की ती कोणावरील विजयाची, हे बहुतेकांना आठवावेही लागत नाही. ग्रीकांनी लाकूड कुजवून जे साधले ते येथे वापरामुळे साधले, असे म्हणता येईल.

तथापि ही परिणती पूर्णतः निर्दोष मानता येत नाही. वसईचा ख्रिस्ती समाज आजही तेथेच आहे आणि तो मराठीभाषक आहे. घंटेची कथा सांगताना ती पूर्वी कोणाला प्रार्थनेस बोलावीत होती, हा भाग गळतो. वैर विसरले जाणे इष्ट होय. माणसे विसरली जाणे इष्ट नव्हे.

निष्कर्ष

1. विजयचिन्ह व स्मृतिवस्तू हे वस्तूंचे दोन प्रकार नसून एकाच वस्तूच्या आयुष्यातील टप्पे असू शकतात.

2. जतनामागे केवळ विजयाचा अभिमान नसतो. पुरावा, जीव वाचल्याची जाणीव, मौन, ऋणभाव आणि वारसा या प्रेरणा त्यात मिसळलेल्या असतात. वय वाढते तसतसा अभिमान ओसरतो आणि ऋणभाव वाढतो.

3. वस्तूला लाभणारी न्याय्य परिणती तिच्यासोबतच्या माहितीवर अवलंबून असते. जपानी झेंडे परतू शकले ते त्यांच्यावर नावे होती म्हणून.

4. यावरून महाविद्यालयांपुढे एक तातडीचे काम उभे राहते. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक घरांत दोन्ही महायुद्धांतील तसेच 1965 व 1971 च्या युद्धांतील वस्तू आहेत. 1971 मध्ये लढलेले जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास वा त्यापुढे आहेत. वस्तू कोणाची, कोठे व कशी मिळाली, तिच्यावर काय लिहिले आहे आणि ती आजवर का जपली, एवढे चार प्रश्न विद्यार्थ्यांनी त्यांना विचारून उत्तरे नोंदवून ठेवली, तरी मोठे कार्य होईल. वस्तू आणखी शंभर वर्षे टिकेल. ती कोणाची होती हे सांगू शकणारा माणूस मात्र तितका काळ थांबणार नाही.