कॅमेरा ठरला... पण घ्यायचा कुणाकडून?

ग्रुपवर लिंक पडते. खाली मेसेज : 'भावा, हाच तो कॅमेरा. दुकानात ६२ हजार, इथे ४४ ला. ऑफर आज रात्री १२ पर्यंतच. करू का ऑर्डर?' पाच मिनिटांत सहा अंगठे वर. एकच जण विचारतो, 'साइट भरवशाची आहे का पण?' त्याच्या मेसेजला कुणी उत्तर देत नाही, कारण उत्तर कुणाकडेच नसतं.

हे ४४ हजार आभाळातून पडलेले नसतात. चौघांची कॉन्ट्री असते, कुणाची स्टायपेंडची रक्कम असते, कुणाच्या आईने भिशी लागल्यावर गुपचूप हातावर ठेवलेले पैसे असतात. कॉलेजची एकांकिका शूट करायची, लोककलावंतांवर डॉक्युमेंटरी करायची, लग्नांची कामं घेऊन फी भरायची, असं काहीतरी त्या पैशांवर अवलंबून असतं. म्हणून कोणता कॅमेरा भारी यावर आपण तीन महिने व्हिडीओ बघतो. तो विकणारा कोण, यावर मात्र तीन मिनिटंही घालवत नाही!

आधी कॅमेऱ्याचं थोडक्यात उरकू. 'सगळ्यासाठी चालेल असा' कॅमेरा मागू नका, तसा नसतो. तुम्ही सलग किती वेळ, किती लांबून आणि किती उजेडात शूट करणार, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. निम्मे पर्याय तिथेच गळतात.

रील्स करायचे असतील आणि हातात बरा फोन असेल, तर खरं सांगायचं तर कॅमेरा घेऊच नका. एक चांगला वायरलेस माइक घ्या. प्रेक्षक धूसर चित्र चालवून घेतात, पण आवाज खरखरला की स्क्रोल करून पुढे जातात.

शॉर्टफिल्म करायची असेल, मागची पार्श्वभूमी विरघळलेली हवी असेल, कमी उजेडात शूट करायचं असेल, तर मोठ्या सेन्सरचा मिररलेस कॅमेरा. इथे एक गंमत लक्षात ठेवा. 'एक इंच सेन्सर' असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण तो एक इंच नसतोच. तो साधारण १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो. नाव जुन्या व्हिडीओ ट्यूबच्या मापांवरून चिकटलंय. एपीएस-सी सेन्सर त्याच्याहून बराच मोठा, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर.

आणि नाटक, गाण्याचा कार्यक्रम, कबड्डीची मॅच? इथे जरा धक्का बसेल, पण ज्याला आपण 'लग्नातला कॅमेरा' म्हणून हसतो तो कॅमकॉर्डर अजूनही कामाचा आहे. सोनीने १९८५ मध्ये 'हॅंडीकॅम' हे नाव बाजारात आणलं आणि आपल्याकडे ते सगळ्याच कॅमकॉर्डरना चिकटलं. त्याचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे अंधारात तो रडतो, हे खरं. पण २० पट ऑप्टिकल झूम, हातात धरायला सोपा आणि तास तास न थांबता चालणारा. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून नटाच्या डोळ्यांतलं पाणी टिपायचं तर मिररलेसला तेवढी लांबची लेन्स लावताना खिसा फाटतो. उलट अनेक फोटोवाले कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप बंद पडायचे. कारण तांत्रिक कमी आणि कराचं जास्त होतं : युरोपात त्याहून जास्त वेळ रेकॉर्ड करणारं यंत्र 'व्हिडीओ कॅमेरा' धरलं जाई आणि त्यावर जादा आयात शुल्क लागे. नव्या मॉडेलांमधून ही मर्यादा बरीचशी गेली, पण सेकंडहॅंड घेताना विचाराच. पाऊण तासाच्या एकांकिकेत क्लायमॅक्सलाच लाल दिवा विझला तर काय उपयोग!

बाकी दोन गोष्टी डोळ्यांनी बघा : बाहेरचा माइक लावायला ३.५ मिलिमीटरचं भोक आहे का, आणि आवाज ऐकायला हेडफोनचं आहे का. झूम 'ऑप्टिकल' किती तेवढंच वाचा. 'डिजिटल' झूम म्हणजे चित्र ताणणं, ते एडिटिंगमध्येही होतं.

स्वस्तात काय कापलंय?

आता त्या ४४ हजारांकडे येऊ. एकाच मॉडेलवर दोन-तीन हजारांचा फरक सणासुदीच्या सेलमध्ये, बॅंकेच्या ऑफरमध्ये पडतो. पण १८ हजार कमी असतील, तर त्या किमतीतून काहीतरी कापलेलं असतं. काय कापलंय ते शोधणं, एवढंच ऑनलाइन खरेदीतलं खरं कौशल्य.

बहुतेक वेळा कापलेली असते ती वॉरंटी. याला बाजारात 'ग्रे' माल म्हणतात. वस्तू अस्सल असते, नकली नसते, पण कंपनीच्या भारतातल्या शाखेने आणलेली नसते. दुबई, हॉंगकॉंग, जपान असा कुठून तरी फिरत आलेला माल. विक्रेता म्हणतो, 'वॉरंटी आहे ना, आमची शॉप वॉरंटी.' म्हणजे दुकान आहे तोवर वॉरंटी! काही जण 'इंटरनॅशनल वॉरंटी' म्हणतात. ती खरंच आहे का, हे विक्रेत्याला विचारण्यात अर्थ नाही. कंपनीच्या भारतातल्या सर्व्हिस सेंटरला फोन लावा, मॉडेल सांगा आणि विचारा. दहा मिनिटांचं काम आहे.

ग्रे मालात अजून एक भानगड असते, ती कुणी सांगत नाही. जपानमध्ये विकायला बनवलेल्या अनेक सोनी कॅमेऱ्यांचा मेनू फक्त जपानीत असतो, भाषा बदलताच येत नाही. जुने कॅमकॉर्डर तर देशानुसार वेगळे बनायचे : अमेरिका-जपानकडचे एनटीएससी पद्धतीचे, सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमचे, आणि आपल्याकडचे पालचे, २५ किंवा ५० चे. फरक काय पडतो? आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही, पण ६० च्या हिशेबाने चालणाऱ्या कॅमेऱ्याला कळतं. वर्गात, हॉलमध्ये शूट केलेल्या चित्रावर पट्टे सरकत राहतात. शटर १/५० वर ठेवलं की बरंचसं निभावतं. आजचे बहुतेक मिररलेस मेनूतून दोन्हीकडे वळवता येतात. पण अमेरिकेतल्या चुलतभावाने 'माझा जुना हॅंडीकॅम घेऊन येतो' म्हटलं, तर हे आधी विचारून घ्या.

दुसरी कापाकापी म्हणजे करातली. 'बिल नको असेल तर अजून कमी करतो.' कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के, म्हणजे कमी होणारच. पण बिल गेलं की वॉरंटी गेली, विमा गेला, चोरी झाली तर पोलिसांत दाखवायचा पुरावा गेला आणि ग्राहक आयोगात जायचा रस्ताही अवघड झाला. एवढं सगळं १८ टक्क्यांत विकायचं का, ते तुम्हीच ठरवा.

तिसरा प्रकार जुना आणि नामांकित. २००० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले काही ऑनलाइन कॅमेरा विक्रेते यासाठी कुप्रसिद्ध झाले होते. इंटरनेटवर सगळ्यांत कमी किंमत टाकायची, ऑर्डर आली की 'खात्री करायला' फोन करायचा आणि म्हणायचं, 'या किमतीत बॅटरी येत नाही, चार्जर वेगळा, लेन्स प्लॅस्टिकची, चांगली हवी तर एवढे टाका.' गिऱ्हाईक नको म्हणालं की माल अचानक 'आउट ऑफ स्टॉक'! आपल्याकडेही याची धाकटी भावंडं भेटतात. म्हणून खोक्यात काय काय येणार याची यादी कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या आणि विक्रेत्याच्या पानाशी ताडून बघा. 'फक्त बॉडी' आणि 'किट लेन्ससह' यातला फरक तर हमखास नजरेतून निसटतो.

साइट मोठी, विक्रेता कोण?

मोठ्या साइटवरून घेतलं म्हणजे साइटने विकलं, असा आपला समज असतो. बहुतेक वेळा साइट ही नुसती मंडई असते, गाळा दुसऱ्याचाच. किमतीच्या खाली बारीक अक्षरांत 'सोल्ड बाय' पुढे जे नाव असतं, तो तुमचा दुकानदार. वस्तूला मिळालेले साडेचार तारे कंपनीचे असतात, त्या गाळेवाल्याचे नव्हे. त्याच्या नावावर क्लिक करा, त्याचे तारे वेगळे असतात. तिथलेही एक आणि दोन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचा. 'पॅकिंग छान' लिहिणाऱ्यांपेक्षा 'सर्व्हिस सेंटरने बिल नाकारलं' लिहिणारा एक जण जास्त शहाणं करून जातो. कंपनीच्या भारतातल्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असेल, तर त्यात हे नाव आहे का, तेही बघा.

अनोळखी साइट असेल तर माझ्या मते सगळ्यांत भारी चाचणी जीएसटी नंबरची. १५ अक्षर-आकड्यांचा हा नंबर साइटवर असायला हवा, नसेल तर मागा. पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्राला २७, गोव्याला ३०, दिल्लीला ०७. साइटवर पत्ता मुंबईचा आणि नंबर ०७ ने सुरू होत असेल तर विचारायला हवं. मग सरकारच्या जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये तो टाका. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. फर्मचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द आणि नोंदणीची तारीख समोर येते. 'गेली २५ वर्षं आपल्या सेवेत' असं लिहिणाऱ्याची नोंदणी गेल्या महिन्यातली निघाली तर समजून जा. नाव भलतंच निघालं, कापडाचा व्यापारी वगैरे, तर टॅब बंद करा.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-संपर्क दाखवलंच पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत होता तसा नसला, तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. ज्या साइटवर फक्त एक व्हॉट्सअॅप नंबर असतो, तिने पहिल्याच पानावर नियम मोडलेला असतो.

पैसे कसे देताय यावरही बरंच ठरतं. कार्डाने दिले तर बॅंकेकडे वाद नोंदवता येतो. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआय केलं की तो पैसा परत आणणं महाकठीण. 'अर्धे आत्ता, अर्धे डिलिव्हरीला' किंवा 'पार्सल कस्टममध्ये अडकलंय, ३ हजार भरा' असे मेसेज आले की पुढचा रुपयाही देऊ नका. सेकंडहॅंड घेता-विकताना 'मी लष्करात आहे, बदली झालीय' म्हणणारे आणि क्यूआर कोड पाठवणारे हमखास भेटतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, कधीच लागत नाही.

मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात एक चक्कर मारा. कॅमेरा हातात घेऊन वजन कळतं, बटणं अंगठ्याला पोचतात का ते कळतं. तिथली किंमत ऑनलाइनपेक्षा थोडी जास्त निघेलही. पण दुकानदाराचा चेहरा माहीत असणं आणि माल बिघडला तर उद्या सकाळी त्याच्या काउंटरवर जाऊन उभं राहता येणं, याचीही काही किंमत असते. तुमच्या गावात असं दुकान नसेल तर तोच कॅमेरा एक दिवस भाड्याने घेऊन बघा, मग ऑर्डर करा.

खोकं आल्यावर

कुरिअरवाला असतानाच मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा. पार्सलवरचं लेबल, सील, मग आतला माल, एकही कट न घेता. 'ओपन बॉक्स डिलिव्हरी' मिळत असेल तर घ्याच. कॅमेऱ्याच्या तळाचा सिरीयल नंबर खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा, मग कंपनीच्या साइटवर लगेच नोंदणी करा. भारतातल्या साइटने तो नंबर घेतला नाही तर तिथेच थांबा आणि विक्रेत्याला लेखी कळवा. तोंडी नको.

परत करायची मुदत अनेकदा आठवड्याभराचीच असते, म्हणून कॅमेरा शोकेसमध्ये ठेवू नका, पिळून काढा. लेन्सचं झाकण लावून काळी फ्रेम रेकॉर्ड करा, अडकलेला पिक्सेल ठिपक्यासारखा चमकतो. माइक लावून ऐका. फॅनखाली सलग तासभर फोर-के चालवा, तापून बंद पडतो का बघा. १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने तासाभराला ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. कार्डावर 'व्ही ३०' छापलेलं बघून घ्या. नकली कार्डं बाजारात पुष्कळ आहेत, वर २५६ लिहिलेलं आणि आत ३२. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर पूर्ण कार्ड भरून खरं-खोटं सांगतं. महत्त्वाच्या शूटच्या आधी हे करा, नंतर नाही.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० ला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवली गेली तर परत मिळायची आशा असते. माल खराब, परत घेत नाहीत, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाही हललं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून तक्रार टाकता येते आणि विक्रेता दिल्लीत असला तरी केस तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालवता येते. सोबत लागेल ते बिल, चॅटचे स्क्रीनशॉट आणि तो न कापलेला व्हिडीओ.