लाल टिकची धास्ती आणि खरा कायदा

‘दोन टिक निळ्या, एक लाल म्हणजे सरकार कारवाई करू शकतं, तिन्ही लाल म्हणजे समन्स निघालं.’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. दिग्रसच्या तुमच्या ग्रुपवर आला असेल तर खुशाल डिलीट करा. व्हॉट्सॲपला तिसरी टिकच नाही.

‘पण २०२१च्या आयटी नियमांनी कंपन्यांना सगळं तपासायला लावलंय ना?’ नाही. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी बलात्कार आणि बालकांचं लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर तंत्रज्ञानानं शोधायचा ‘प्रयत्न’ करावा, तोही खासगीपणाचं भान ठेवून, असं त्या नियमांत २०२१मध्ये म्हटलं होतं. मेसेज मुळात कोणी पाठवला हे आदेश आल्यावर सांगण्याची सक्ती मात्र आहे. तिला व्हॉट्सॲपनं दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलंय.

‘कोणी काहीही टाकलं तरी ॲडमिन आत जातो’, हेही खोटं. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये सांगितलं, की समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन दोषी नाही.

आता सगळ्यात जुना युक्तिवाद: ‘मी सरळ माणूस, तपासू द्या की!’ सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापानं आजारी बाळाच्या गुप्तांगाचा फोटो डॉक्टरांसाठी काढला. गूगलच्या यंत्रणेनं तो शोषणाचा ठरवला. पोलिसांना गुन्हा आढळला नाही, तरी त्याचं खातं परत मिळालं नाही. ही तपासणी कंपनीची स्वतःची होती. ती कायद्यानं सक्तीची केली, तर अमेरिकेत कंपनी पोलिसांची हस्तक ठरू शकते. मग वॉरंटविना झडती घेतली म्हणून पुरावाच बाद होण्याची भीती, आणि खरा नराधम सुटायचा! आपल्याकडे बेकायदा झडतीतला पुरावाही न्यायालयं सहसा स्वीकारतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयानं २०१९मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणात फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले, रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. सरसकट तपासणीचा हट्ट धरणाऱ्यांनी हा निकाल आधी वाचावा.

खासगीपणाचा हक्क म्हणजे मोकळं रान मात्र नव्हे. मुलांच्या शोषणाचा व्हिडिओ आला तर ‘बघा, काय चाललंय’ म्हणूनही पुढे पाठवू नका. तो पाठवणं हाच गुन्हा आहे. थेट राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा.