जवसाचा दोरा, कसारा लाइन

मुलांनो, आज एक गंमत करा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत ‘लाइन’ हा शब्द किती वेळा कानावर पडतो ते मोजा. वहीच्या मागच्या पानावर काड्या मारत जा, म्हणजे चुकायला नको.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात तर काड्यांना पान पुरणार नाही. शाळेत शिरल्याबरोबर बाई ओरडतात, “लाइनीत उभे राहा!” दुधाला लाइन, रिक्षाला लाइन, तिकिटाला लाइन. दादा दहावी झाला की शेजारचे काका विचारतात, “मग, कोणती लाइन घेणार? सायन्स की कॉमर्स?” मामा टिटवाळ्याला राहतो म्हणजे कसारा लाइनला आणि आत्या बदलापूरला म्हणजे कर्जत लाइनला. लाइट गेली की लाइनमनची वाट पाहायची. पोलीस राहतात ती पोलीस लाइन. गल्लीत क्रिकेट खेळताना ‘लाइन आणि लेंथ’, कबड्डीत ‘बोनस लाइन’. आजी तर दूरच्या मावशीशी बोलताना मध्येच म्हणते, “अगं, लाइन कट झाली वाटतं!”

आता इंग्रजी शब्दकोश काढा आणि हा शब्द शोधा. एल-आय-एन-ई. चारच अक्षरं, पण पुढे अर्थांची ही एवढी रांग! रेघ, दोरी, रांग, कवितेची ओळ, नाटकातला संवाद, तार, रस्ता, धंदा, घराणं, चेहऱ्यावरची सुरकुती... माझ्या वर्गातली मुलं ते पान पाहून हबकतात. “बाई, एवढे सगळे अर्थ पाठ करायचे?” आमच्यासारख्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, पण इंग्रजीची भीती काही गेली नाही. मुलांना वाटतं, ही परक्यांची भाषा, तिच्यात कशाचा कशाला मेळ नाही, घोकंपट्टी करा आणि पेपरात ओता. मला हे पटत नाही. मेळ असतो. तो शोधावा लागतो, एवढंच.

त्या यादीतला एक अर्थ तर भलताच आहे. ‘टू लाइन’ म्हणजे कपड्याला आतून अस्तर लावणे! शिंपी ज्याला लायनिंग म्हणतात ते. आता सांगा, रेघेचा आणि अस्तराचा काय संबंध? रांगेचा आणि अस्तराचा काय संबंध? कुलूप इथेच आहे, आणि त्याची किल्ली मिळाली की बाकीची दारं आपोआप उघडतात.

किल्ली आहे आपल्या स्वयंपाकघरात. चटणीच्या बरणीत!

जवसाची चटणी खाल्ली आहे ना? लसूण, लाल तिखट, खमंग भाजलेले जवस. कोणी त्यांना अळशी म्हणतं. आपल्याकडे विदर्भात, मराठवाड्यात जवस पिकतो तो बियांसाठी, तेलासाठी. छान निळी फुलं येतात त्याला. पण युरोपात आणि इजिप्तमध्ये हजारो वर्षं लोकांना जवसाच्या बियांइतकंच त्याच्या दांड्याचं कौतुक होतं. दांडे पाण्यात भिजत घालायचे, कुजू द्यायचे, मग वाळवून झोडपायचे आणि विंचरायचे. आपल्याकडे ताग आणि अंबाडी कुजवून वाख काढतात ना, अगदी तसंच. त्यातून लांबच लांब चकचकीत धागे निघतात. ह्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन. इजिप्तच्या ममी ज्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या असतात, त्या ह्याच कापडाच्या.

रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत जवसाला म्हणतात ‘लिनम’. त्या लिनमच्या दोऱ्याला ते म्हणू लागले ‘लिनेआ’. आणि ह्या लिनेआपासूनच झाली आपली लाइन. म्हणजे लाइनचा मूळ अर्थ रेघ नाही, रांगही नाही. मूळ अर्थ आहे जवसाचा दोरा!

आता तो अस्तराचा पेच बघा कसा सुटतो. थंडीचे जाड लोकरी कपडे अंगाला टोचत, म्हणून आतून मऊ लिननचं कापड लावत. लिनन लावलं म्हणजे ‘लाइन’ केलं. पुढे अस्तर रेशमाचं आलं, सुती आलं, आता तर टेरिकॉटचंही असतं, पण नाव जवसाचंच राहिलं. जाता जाता एक गंमत. आपण रेघारेघांच्या शर्टाला बिनधास्त ‘लायनिंगचा शर्ट’ म्हणतो. असा शर्ट तुम्ही लंडनच्या दुकानात मागितलात तर दुकानदार अस्तर लावलेला शर्ट काढून देईल. आपला शब्द चुकीचा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. डोंबिवलीच्या दुकानात तो बरोबर कळतो आणि शर्टही बरोबर मिळतो!

बरं, दोऱ्याची रेघ कशी झाली? त्यासाठी कुठे बांधकाम चालू असेल तिथे जरा लांबूनच उभे राहून पाहा. आपल्याकडे बांधकामांना काय तोटा! भिंत उभी करताना गवंडी दोन्ही टोकांना दोरी ताणून बांधतो आणि तिच्या धोरणाने विटा लावत जातो. त्या दोरीला तो म्हणतो लाइनदोरी. रोमन गवंडीही हेच करत. पूर्वी सुतार दोरी गेरूत बुडवायचा, फळीवर ताणून धरायचा, मधोमध चिमटीत पकडून टपकन सोडायचा, की फळीवर लालभडक सरळ रेघ! घरी करून बघा. गेरू नसेल तर निळीचं पाणी चालेल, मात्र फरशीवर करू नका, नाहीतर आई माझ्या नावाने ओरडेल. शाळेच्या मैदानावर खो-खोची आखणी करतानासुद्धा आधी खुंट्यांना दोरी ताणतात, मग तिच्या कडेने फक्की टाकतात.

म्हणजे माणसाला अगदी सरळ रेघ पहिल्यांदा दाखवली ती ताणलेल्या दोऱ्याने. मग दोऱ्याचंच नाव रेघेला मिळालं. रेघेवर माणसं उभी केली की रांग झाली. रेघेवर अक्षरं मांडली की ओळ झाली, तुमच्या चाररेघी वहीत मांडता तशी. नटाने पाठ करायच्या ओळी म्हणजे संवाद. एकामागून एक घरं बांधली की पोलीस लाइन. आजोबा, बाबा, तुम्ही असे एकामागून एक आलात, म्हणून घराण्यालाही लाइन. (संस्कृतात मात्र घराण्याला ‘वंश’ म्हणतात आणि वंश म्हणजे बांबू. एका पेरावर दुसरं पेर! मला विचाराल तर दोऱ्यापेक्षा बांबूची उपमा जास्त चांगली.) आणि काही अर्थांत तर दोरी अजून दोरीच आहे. मासे पकडायच्या गळाची दोरी, कपडे वाळत घालायची दोरी. पुढे दोरीच्या जागी तांब्याची तार आली, तिच्यातून वीज आणि बोलणं वाहायला लागलं. लाइनमनची लाइन ती हीच, आणि आजीची कट होते तीसुद्धा हीच. मोबाइलला तारच नाही, तरी आजी ‘लाइन’ म्हणायचं सोडत नाही. ‘ऑनलाइन’ म्हणताना आपण तरी कुठे सोडलंय?

हा शब्द इंग्रजीत एकदा नाही, दोनदा आला. पहिल्यांदा फार जुन्या काळी, दोरखंड ह्या अर्थाने. पुन्हा आला तो फ्रेंचांकडून. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर त्यांचे ढीगभर शब्द इंग्रजीत शिरले, त्यात हाही होता, रेघ हा अर्थ घेऊन. दोघे एकाच आजीचे नातू. इंग्लंडात भेटले आणि एकजीव झाले.

“पण बाई, हे सगळं त्यांचं झालं. आपलं काय?” वर्गात हा प्रश्न आला, आणि मला फार आनंद झाला.

आपल्याकडे दोऱ्यासाठी जवस नव्हता, कापूस होता. कापसाचा दोरा म्हणजे सूत. संस्कृतात ‘सूत्र’. आणि ह्या सूत्राचं पुढे काय झालं पाहा! गणितातलं सूत्र, व्याकरणातलं सूत्र, मंगळसूत्र, वेळेचं सूत्र. सूत्र धरणारा तो सूत्रधार, आणि बोलता बोलता झिजून त्याच शब्दाचा झाला सुतार! गेरूची दोरी टपकन सोडणारा, आठवतो ना? त्याच्या नावातच दोरी आहे. इतकंच काय, आपल्याकडे यज्ञाच्या वेदी आखायचे फार प्राचीन ग्रंथ आहेत, त्यांना ‘शुल्बसूत्रे’ म्हणतात. शुल्ब म्हणजेही दोरीच. भूमिती दोरीने सुरू झाली हे नावच सांगतं.

तिकडे रोमन माणसाने जवसाचा दोरा ताणला, इकडे आपल्या सुताराने कापसाचा. कुणी कुणाचं पाहून केलं नाही. तरी दोघांच्याही डोक्यात दोऱ्यावरून रेघ आणि रेघेवरून नियम हीच वाट आली. आणि सुती कापडाचं म्हणाल तर आपलं कल्याण त्यात जुनंजाणतं. सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या ग्रीक लिहिणाऱ्या प्रवाशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांची हकिगत लिहिली आहे. तीत ‘कॅलिआना’ बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कापड आहे. कॅलिआना म्हणजे आपलं कल्याण!

आणि आपली ‘ओळ’? ती दोऱ्यातून नाही आली. संस्कृत ‘आवली’ म्हणजे रांग, तिची झाली ओळ. दिव्यांची आवली म्हणजे दीपावली, म्हणजे दिवाळी. ओळ आणि दिवाळी ह्या नात्याने बहिणी लागतात. पण गवंड्याच्या हातातला ‘ओळंबा’ ह्या घरातला नाही बरं का! तो ‘अवलंब’पासून आला, लोंबणारा म्हणून. शब्द सारखे दिसले की लगेच नातं जोडू नये, पत्ता विचारून घ्यावा.

आता आपल्या रोजच्या लाइनीकडे येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुटली आणि सुमारे ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला पोहोचली. डब्यांत सुमारे ४०० पाहुणे होते आणि पुढे तीन इंजिनं. भारतातली प्रवाशांना घेऊन धावलेली पहिली रेल्वे. लगेच पुढच्या वर्षी, १८५४ साली, खाडी ओलांडून लाइन कल्याणला आली आणि तिथून तिला दोन फाटे फुटले, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. दीडशेहून अधिक वर्षं झाली, कल्याणला उतरलेला माणूस अजून विचारतो, “तुम्ही कोणत्या लाइनचे?” ठाण्याहून वाशीकडे २००४ साली ट्रान्स-हार्बर लाइन निघाली, ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन २०२२ साली झाली.

रेल्वेचा इंजिनियरही शेवटी सुतारच. कागदावर रेघ ओढायची आणि ती जमिनीवर उतरवायची. मध्ये डोंगर आला तर वळसा घाला, नाहीतर भोक पाडा. मुंब्र्याला पहिली लाइन पारसिकच्या डोंगराला वळसा घालून गेली. मग तोच दोरा सरळ ताणायला डोंगर फोडून १.३ किलोमीटरचा बोगदा काढला, तो १९१६ साली सुरू झाला.

आणखी एक लाइन सांगायची राहिली, ‘डेडलाइन’. गृहपाठाची डेडलाइन म्हणताना आपण हसतो, पण हा शब्द हसण्यासारखा नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिल नावाच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक ठेंगणा लाकडी कठडा होता. कैद्याने तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालत. ती डेडलाइन. पुढे हा शब्द वर्तमानपत्रांच्या कचेरीत शिरला आणि मुदतीला चिकटला.

आपल्या फलाटाच्या कडेला पिवळी रेघ असते. तिथे पहारेकरी नाही, बंदूक नाही, म्हणून कुणी तिला भीत नाही. पलीकडे जायला पूल आहे, तरी “लाइनीतूनच जाऊ, दोन मिनिटं वाचतील” असं म्हणत मोठी माणसंसुद्धा रुळांत उतरतात. ह्यात दरवर्षी माणसं जातात, आपल्याच स्टेशनांवरची. शाळेतल्या मुलांचे बाबा असतात, कधी मुलं असतात. बाबा तुमचा हात धरून रुळांकडे निघाले ना, तर खुशाल हट्ट करा. “मला पुलावरूनच यायचंय” म्हणा. त्या हट्टाला मी बाई असून सांगते, माझी परवानगी आहे.

आता काम तुमचं. आम्ही शिक्षक होण्यासाठी डी. एड. करतो, त्याला म्हणतात ‘ट्रेनिंग’. आणि रोज सकाळी ६:४२ नाहीतर ७:१३ला येते ती ‘ट्रेन’. ट्रेन आणि ट्रेनिंग ही सख्खी भावंडं आहेत. लग्नात गोऱ्या नवरीच्या पांढऱ्या झग्याचा मागे लोळणारा लांब घोळ असतो ना, त्यालाही ‘ट्रेन’च म्हणतात. तिघांचं मूळ एकच. वाटेल तो शब्दकोश वापरा, वाटेल त्याला विचारा आणि ते शोधून काढा. एक खूण देऊन ठेवते: आपला ट्रॅक्टर पण ह्याच घरातला आहे, आणि ह्या घरातले सगळे जण काहीतरी ओढतात.