फोटो नसलेल्या कवीचं घर

पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवरायांवर संस्कृतात ‘शिवभारत’ रचणारा हा कवी. महामार्गावरून जाणाऱ्या शंभरातल्या एकाला तरी ती ठाऊक असेल की नाही, शंकाच आहे. गाड्यांना घाई असते पुढच्या कशेडी घाटाची. पूर्वी वळणं मोजत घाट उतरावा लागे, आता बोगद्यातून काही मिनिटांत रायगड जिल्हा संपतो आणि खेड येतं. याच खेडच्या शाळेत १९व्या शतकात कृष्णाजी केशव दामले नावाचा मुलगा पहिली अक्षरं शिकला. पुढे मराठी कवितेनं त्याला केशवसुत म्हणून ओळखलं. त्याचं जन्मघर मात्र बरंच दक्षिणेला, गणपतीपुळ्याच्या शेजारी मालगुंडला.

चिपळूण, संगमेश्वर मागे टाकून निवळी फाट्यावरून वळलं की गणपतीपुळे येतं. मुंबई-पुण्याची, महाड-पोलादपूरची मंडळी देवदर्शन आणि समुद्र उरकून तिथूनच माघारी फिरतात. मालगुंड तिथून जेमतेम दोन किलोमीटर.

घर कौलारू, कोकणात शेकड्यांनी असतील तसलंच. पडवी, ओटी, माजघर, सारवलेली जमीन, जुनी भांडीकुंडी. वाडा नव्हे, खोताचं चौसोपी घर तर नव्हेच. केशवसुतांचे वडील शाळामास्तर होते. पुढे नोकरी सोडून ते दापोलीजवळच्या वळणे गावी विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या खोतीचं काम पाहू लागले. अशा बिऱ्हाडाचं घर राखण्याजोगं आहे, हे कुणाच्या तरी ध्यानात यावं लागतं. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकारानं १९९१ साली कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली आणि तिनं हे काम अंगावर घेतलं. ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. इंग्लंडात शेक्सपिअरचं जन्मघर १८४७ साली लिलावात निघालं, तेव्हा वर्गणी काढून ते लोकांसाठी विकत घ्यावं लागलं होतं. कवीचं घर वाचवायला लोकांनाच पुढं यावं लागतं, हे तिकडेही चुकलेलं नाही.

या स्मारकापुढची अडचण मात्र जगावेगळी आहे. केशवसुतांचा एकही फोटो उपलब्ध नाही. माणूस दिसायचा कसा, ते दाखवायची सोय नाही. जन्मतारखेवरही एकमत नाही: कुणी १५ मार्च १८६६ म्हणतं, कुणी ७ ऑक्टोबर. हयातीत पुस्तक निघालं नाही; मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी संग्रह छापला. कविता सगळ्या मिळून १३५च्या आसपास. बाकी आयुष्य फिरतीचं: बडोदा, वर्धा, नागपूर, पुणे, मुंबई. मॅट्रिक झाले ते तेविसाव्या वर्षी. मुंबईत प्लेग आला तेव्हा खानदेशात गेले, भडगाव आणि फैजपूरला मास्तरकी केली, मग धारवाड. ज्या प्लेगपासून दूर गेले त्यानंच ७ नोव्हेंबर १९०५ला हुबळीत गाठलं. वय ३९.

म्हणून इथं सांगणारं माणूस महत्त्वाचं. नुसतं ‘ही ओटी, हे माजघर’ म्हणत पुढं ढकललं तर सहलीतली पोरं पाच मिनिटांत बाहेर येतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सांगणाऱ्यानं शेणानं सारवलेल्या या जमिनीवरून सुरुवात करून केशवसुतांच्या १८९३च्या ‘तुतारी’ या कवितेपर्यंत पोरांना न्यायला हवं. मास्तरांच्या या घरात जुन्या रूढींवर असा आवाज चढवणारा कवी निपजला, ही खरी पाहण्याची गोष्ट. धाकटे भाऊ मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं, तेही सांगावं. एका भावानं कवितेची जुनी चौकट मोडली, दुसऱ्यानं भाषेचे नियम बांधले. अशी भावंडं मराठीत दुसरी सापडणं कठीण.

आवारात शिळांवर कविता कोरल्या आहेत, आधुनिक मराठी कवींचं दालन आहे, ग्रंथालय आहे. चांगली गोष्ट आहे, पण गर्दीत फोटो काढून घेण्याची जागा म्हणून ते दालन संपू नये. दोन-चार कविता उभ्यानं का होईना, मोठ्यानं वाचाव्यात.

केशवसुतांनी घरापासून लांब असताना ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ ही कविता लिहिली, ती गावच्या आठवणीनं. महाड-पोलादपूरच्या शाळांनी गणपतीपुळ्याची सहल काढताना वर्गात आधी ही एक कविता वाचून घ्यावी, आणि सहलीच्या वेळापत्रकात मालगुंडसाठी तासभर तरी राखून ठेवावा. जमलंच तर निघताना पोलादपुरात परमानंदांच्या समाधीपाशीही गाडी थांबवावी.