मोहफुलाची परदेशवारी
(रानातून बाजारात : लेखांक 6)

मागच्या आठवड्यात गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाचा बांबू पाहिला. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवून त्या गावाने गौण वनोपजावरची मालकी सिद्ध केली. तीच मालकी मोहफुलालाही लागू आहे, पण मोहफुलाचा बाजार जास्त अवघड आहे.

मोहाचे पेय परदेशात विकले जाऊ शकते, याबद्दल आता शंका उरलेली नाही. जुलै 2021 मध्ये अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या मदतीने छत्तीसगडच्या कोरबा, सरगुजा भागातील वाळवलेली मोहफुले समुद्रमार्गे फ्रान्सला गेली. आपल्याकडे डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ हे मोहाचे मद्य बाजारात आणले. मग चंद्रपूर-गडचिरोलीचे फूल मागे का?

उत्तर झाडाखाली आहे. मार्च-एप्रिलमध्ये फुले पहाटे गळतात. ती दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा जाळण्याची रीत आहे. फुलात साखर भरपूर, त्यामुळे जमिनीवर ओले राहिले की ते लगेच आंबू लागते. वर माती, राख, खडे चिकटतात. गावच्या व्यापाऱ्याला हे चालते. परदेशी खरेदीदाराला मात्र दर हंगामात एकसारखे, खाण्यायोग्य फूल लागते आणि ते कोणत्या रानातले, याची नोंदही लागते.

त्यावर उपाय आहे झाडाखाली बांधलेली जाळी. फूल जमिनीला टेकत नाही, स्वच्छ राहते. पाला जाळावा लागत नाही, म्हणून वणवेही कमी होतात. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती तिसरी गोष्ट : चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही, मूलच्या रानात अंधारात वाकून फुले वेचणाऱ्या बाईवर वाघाचा हल्ला होण्याची भीती असते. जाळी असेल, तर उजाडल्यावर चारचौघींनी मिळून फुले गोळा करता येतात. निर्यातीची अट इथे जीव वाचवणारी ठरू शकते.

पुढचा टप्पा कायद्याचा. 15 मे 1997 पूर्वी युरोपीय संघात फारसा न खाल्लेला पदार्थ तिथे ‘नवे अन्न’ ठरतो आणि विक्रीआधी मंजुरी मागतो. परदेशातील पारंपरिक अन्नासाठी वाट थोडी सोपी आहे. पण 25 वर्षांच्या सुरक्षित वापराचा पुरावा द्यावा लागतो. गोंड, माडिया घरांत मोह पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो, तो कागदावर नोंदवणे हे ग्रामसभांचे काम आहे. नावाचे संरक्षणही हवे. गोव्याच्या काजू फेणीने 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले.

आता दारूचा प्रश्न. चंद्रपूरची 2015 ची दारूबंदी 2021 मध्ये उठली. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, ती लोकचळवळीतून आली आणि तिच्यामागे गावोगावच्या बायका उभ्या आहेत. 2023 मध्ये तिथे मोहापासून मद्य बनवणाऱ्या कारखान्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा दारूमुक्तीसाठी काम करणारे डॉ. अभय बंग यांनी उघड विरोध केला. तो विरोध मला योग्य वाटतो. निर्यातीसाठी भट्टी गडचिरोलीतच लागावी असे काही नाही. फ्रान्सलाही गेली ती फुलेच. मोहाचे सरबत, पाक, लाडू यांना तर बंदीचा अडसरच नाही.

2021 मध्ये राज्य सरकारने मोहफूल गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यांवरचे निर्बंध सैल केले. कोरचीच्या महाग्रामसभेसारखे ग्रामसभांचे संघ हाताशी आहेत. येत्या हंगामाआधी आपापल्या ग्रामसभेत जाळ्या आणि स्वच्छ वाळवणीसाठी ठराव मांडा, आणि विक्रीचा दर एकट्याने नको, एकत्र बसून ठरवा.