खोक्याचे चार कोपरे

धान्याच्या गोण्यांची थप्पी लावणारा मुरलेला हमाल एक थर आडवा, पुढचा उभा असा रचत जातो. गवंड्याच्या विटांसारखी सांधेमोड होते, गोण्या एकमेकींत दबून बसतात आणि थप्पी जागची हलत नाही. भिवंडीच्या एखाद्या गोदामात हाच हात ग्राहकांच्या कागदपत्रांच्या खोक्यांना लागला की घोटाळा होतो. (ही खोकी पुठ्ठ्याची.)

गोणीवरचा भार तिच्या पोटातले धान्य पेलते. खोक्यावरचा भार पेलतात त्याच्या उभ्या बाजू, आणि त्यातही मुख्यतः चार कोपरे. म्हणून खोक्यावर खोके नेमके, कोपऱ्यावर कोपरा येईल असे ठेवायचे. खांबावर खांब चढवावा तसे. सांधेमोड केली की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या झाकणावर मधोमध टेकतो आणि थप्पीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. पॅलेटच्या कडेबाहेर कोपरा लोंबकळला तरी तेच: खांब आहे, पण पाया नाही.

भाराचा हिशेब सोपा आहे. 80 जीएसएमचा ए-फोर कागद साधारण 5 ग्रॅमचा, 500 कागदांचे रीम अडीच किलोचे. एका खोक्यात 2,500 कागद धरले तर साडेबारा किलो झाले. पाच खोक्यांच्या थप्पीत तळातल्यावर 50 किलो बसतात. नव्या, कोरड्या खोक्याला ते जड नाहीत. पण 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात. सतत दाबाखाली पुठ्ठा हळूहळू थकतो, त्यात आठ पावसाळ्यांची दमट हवा त्याला मऊ करते. म्हणून जमिनीवरच्या थप्पीत मी तरी तीनच्या वर जाणार नाही.

खोके भरतानाही तारतम्य हवे. अर्धे रिकामे राहिले तर आतल्या फायली लवंडतात आणि झाकण खचते. कोंबून भरले तर झाकण फुगते आणि वरचे खोके डुगडुगते. दोन बोटे जाण्याइतकी फट पुरे.

रॅक असेल तर फळीवर दोनच खोकी एकावर एक. कारण ताकदीचे नाही, काढण्याचे आहे. पाचांच्या थप्पीतले तळातले खोके हवे असेल तर वरची चार उतरवा, मग परत चढवा: आठ उचली, म्हणजे 100 किलो, आणि तेही एका पावतीसाठी! वारंवार मागवली जाणारी आणि वजनदार खोकी गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या फळ्यांवर असावीत. शिडीवरून उतरवायची ती हलकी आणि क्वचित लागणारी. उचलताना खोके पोटाशी धरायचे आणि वळायचे ते पावलांनी. कमरेतून पीळ घेतला की मणका बोलतो.

सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीतभर तरी वर हवी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे ज्यांनी पाहिले त्यांना कारण सांगायला नको. वर छताशी पाण्याचे फवारे असतील तर त्यांच्याखाली सुमारे 46 सेंटिमीटर जागा मोकळी सोडायची, नाहीतर फवारा पसरण्याआधीच खोक्यांवर अडतो आणि आग पलीकडे जळत राहते.

एका ग्राहकाची खोकी एकत्रच ठेवण्याचा हट्ट मात्र सोडावा. प्रत्येक जागेला रांग, खण, फळी असा पत्ता दिला की रिकामी दिसेल ती जागा चालते. खोक्याची चिठ्ठी दर्शनी बाजूला ठेवा. आधी खोके फळीवर ठेवा, मगच खोक्याचा आणि फळीचा असे दोन्ही बारकोड वाचा. आधी वाचले आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, तर संगणकाच्या लेखी खोके फळीवर असते आणि प्रत्यक्षात ते दाराशी ट्रॉलीवर पडलेले असते.